फिरती ओसरी

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. अन्नावर हात ठेवून सांगतो. त्या संध्याकाळी मी स्वतः त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो होतो आणि जे झालं ते या दोन डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे, बसलो नव्हतो. त्या संध्याकाळी मी राहुरीला एका साखरपुड्यात जिलबी वाढत होतो आणि सगळा मांडव त्याला साक्षीला आहे. पण बिभीषण होता तिथे, आणि बिभीषण खोटं बोलत नाही. बोलतो, पण म्हशीच्या दुधाच्या फॅटबद्दल. असल्या बाबतीत नाही. शिवाय अर्धं मला रुपालीने स्वतः सांगितलंय. उरलेलं अर्धं सांगताना ती थांबली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिथे मी पदरचं घातलं. कुठलं घातलं ते शेवटी कबूल करीन. तोवर मधे बोलायचं नाही.

रुपाली संगमनेरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चाळिशी उलटलेली, एकटी, शिस्तीची. तिच्या घरात हळदीच्या डब्यावरसुद्धा दळून आणल्याची तारीख चिकटवलेली असते. हे माझ्यासारख्याच्या वाट्याला आलं असतं तर तुम्ही हसून चहा मागवला असता. आलं ते तिच्या वाट्याला, म्हणून तर सांगण्यासारखं.

तर पुण्याच्या एका संस्थेने तिला काम दिलं होतं: ‘ओसरी’चा इतिहास लिहायचा.

ओसरी हे तिच्या भावाने, गोरक्षने, लिहिलेलं सॉफ्टवेअर. कल्पना सोपी होती. लोकांनी गप्पा मारायच्या, फोटो टाकायचे, बाजारभाव सांगायचे, पण ते सगळं कुठल्या बड्या कंपनीच्या गोदामात जाऊन पडायचं नाही. प्रत्येक गावाने आपला एक जुना कॉम्प्युटर ठेवायचा, गावाची खाती त्यावर, आणि ही गावोगावची मशीनं आपसात बोलणार. कोणी मालक नाही. एक बंद पडलं तर बाकीच्यांचं काही अडत नाही. संगमनेरच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठच्या एका गावात, दूध डेअरीच्या मागच्या खोलीत हे सुरू झालं. गावाचं नाव सांगत नाही, लोक उगाच बघायला जातील. बघता बघता संगमनेरशेजारच्या अकोल्यापासून पाथर्डीपर्यंत ओसऱ्या झाल्या. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं होतं. कोणीही उचलावं, बदलावं, वेगळ्या नावाने चालवावं. याला फोर्क म्हणतात. आमच्याकडे सगळे ‘फाटा’ म्हणत, कारण एसटीने हिंडलेल्या माणसाला फाटा न सांगता कळतो. नेवाशाच्या बिभीषणने फाटा काढला, त्याचं नाव ‘पडवी’. पाथर्डीच्या सुकन्या मास्तरीणबाईंनी पडवीतून आणखी एक काढला, ‘धाबं’. ऊसतोडीला गेलेल्या माणसांचे निरोप रेंज मिळेल तेव्हा पोचवणारा.

मग सगळ्यांच्या हातात स्वस्त मोबाईल आले, कंपन्यांची ॲप आली, आणि एकेक ओसरी, पडवी, धाबं बंद होत गेलं. रुपालीचं काम एवढंच की प्रत्येकाची हकीकत लिहायची: कधी सुरू, कुठल्या फाट्यावरून, कधी बंद. सगळ्यांचं लिहून झालं होतं. ‘बंद’चा रकाना एकाच ठिकाणी रिकामा होता, कारण ते मशीन अजून चालू होतं. तिच्याच आईच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या कोठीवर.

२

डेअरीने खोली परत मागितली तेव्हा आईने, लंकाबाईंनी, ते मशीन दोन गड्यांकडून घरी आणवलं होतं. कोठीशेजारी इन्व्हर्टरचा प्लग होता म्हणून तिथे. मशीन जुनं, पंखा घरघरणारा. लंकाबाई त्यावर फडकं मारत, जाताजाता त्याच्या पत्र्याच्या टोपावर हात ठेवून गरम किती झालंय ते बघत, तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसं.

त्या दसऱ्याला लंकाबाई मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तिथेच पडून होत्या. तेव्हापासून रुपालीच्या डोक्यात एकच: आईला या घरात एकटी ठेवायची नाही. दिवाळीची सुट्टी लागल्याबरोबर ती गावी आली, घर आवरायला.

“आई, सुट्टी संपली की तू माझ्याबरोबर यायचंस. मी सांगून ठेवतेय.”

“आन् ह्याला कोन बघंल?” लंकाबाईंनी लाटण्याने कोठीकडे खूण केली.

“ते बंद करायचं. मी त्यातलं सगळं उतरवून घेतलंय.”

“बंद कराया त्यो काय नळ हाय व्हय?”

“अगं, त्याच्याशी बोलायला आता जगात एकही मशीन उरलेलं नाही. ते भिंतीशी बोलतंय.”

“मंग काय झालं. मी न्हाई बोलत भितीशी? तू रविवारीच येतीस.”

 मग लंकाबाई म्हणाल्या, पिठाचे हात झटकत, “मला येडी समजू नगंस. गोरख मेला ते ठावं हाय मला. ह्या हातानं शेवटची अंघोळ घातली त्याला. पर उपाशी गेला गं.”

हे खरं होतं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. भाकरी तव्यावर होती, शेंगोळ्यांचा वास सुटला होता, आणि अकोल्याकडच्या एका ओसरीवरून फोन आला की मशीन बंद पडलंय. ‘आल्यावर जेवतो,’ म्हणून गोरक्षने मोटारसायकलला किक मारली. घाटात एका वळणावर रस्ता नव्हता. म्हणजे सकाळपर्यंत होता.

लंकाबाईंनी ती भाकरी झाकून ठेवली होती. आणि तेव्हापासून रोज एक झाकून ठेवत. सकाळी गाईला घालत, पण रात्रभर झाकलेली असे.

३

आता एक गोष्ट ओसरीच्या पोटातली सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अवघड नाही.

ही गावोगावची मशीनं चालू आहेत की बंद, हे त्यांनी एकमेकांना विचारून घ्यावं लागतं. शहरातला प्रोग्रामर तिथे दोन अक्षरं टाकतो आणि मोकळा होतो. गोरक्षने तिथे लिहिलं होतं: ‘जेवलात का?’ रोज संध्याकाळी साडेसातला, माणसं दूध घालून घरी आली की, प्रत्येक ओसरी बाकी सगळ्यांना हे विचारणार. आणि समोरची चालू असेल तर तिचं ठरलेलं उत्तर: ‘जेवलो. तुम्ही?’ बस्स. याखेरीज दुसरं उत्तर त्याने लिहिलंच नव्हतं.

आणि समोरून उत्तर आलं नाही तर? बाकी सॉफ्टवेअर काही दिवस वाट बघतात आणि त्या मशीनचं नाव खोडतात. ओसरीत नाव खोडायची सोयच नव्हती. न जेवलेल्यासाठी आई भाकरी झाकून ठेवते, तसे गप्प झालेल्या मशीनचे निरोप ओसरी झाकून ठेवायची, आणि उद्या पुन्हा विचारायची. रुपालीने आपल्या इतिहासात हे ‘त्रुटी’ या मथळ्याखाली घातलं होतं. सगळ्या फाट्यांत ही त्रुटी वारशाने आली होती. बिभीषणने पडवीतून ती काढायचा प्रयत्न केला होता, त्याचे शब्द तिने जसेच्या तसे घेतले होते: “काढाया गेलो तर समदं बंद पडलं, रुपाताई. त्या बाबानं ती पायातच घातली हुती.”

तर दिवाळी होऊन गेली होती, पणत्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. संध्याकाळी जेवणं झाली, भांडी घासून झाली, आणि रुपाली कोठीसमोर स्टुलावर बसून दिवसभराची नोंद बघत होती. पडद्यावर रोजचंच दृश्य. गावामागून गाव, ‘जेवलात का?’, आणि पुढे कोरं. राजूर, कोरं. सोनई, कोरं. पडवी नेवासा, कोरं.

सगळ्यात खाली एक ओळ कोरी नव्हती.

फिरती : अजून नाही.

४

रुपालीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की आपण दमलोय. तिने चष्मा पुसला. ओळ तिथेच होती.

‘फिरती’ म्हणजे गोरक्षची फिरती ओसरी. पत्त्यांच्या डावाएवढं एक छोटं मशीन, बॅटरी लावलेलं, कायम त्याच्या खांद्याच्या पिशवीत. जिथे इंटरनेट धड नसे त्या गावांचे निरोप तो त्यात भरून मोटारसायकलवरून पोचवायचा. घाटात त्याच्याबरोबर तेही होतं. पोलिसांनी पिशवी परत दिली तेव्हा ते तडकलेलं होतं.

ती उठून माजघरात गेली आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, गोरक्षच्या निळ्या पंच्यात गुंडाळलेलं, होतं तसं होतं. तडकलेलं, बॅटरीविना, पालथ्या झुरळासारखं हलकं. त्यातलं मेमरी कार्ड तर तिने स्वतःच काढून नेलेलं होतं. संगमनेरला, कॉलेजच्या ड्रॉवरमध्ये, लेबल लावलेल्या पाकिटात.

तिने ते पुन्हा गुंडाळलं. कपाट लावलं. मग उघडून परत एकदा बघितलं, कारण पंच्याची घडी तिने गेल्या वेळी उलटी घातली होती असं तिला वाटलं. तसं नक्की आठवत नव्हतं.

स्वयंपाकघरातून लंकाबाई म्हणाल्या, “काय हुडकतीस गं?”

“काही नाही. झोप तू.”

“मशिनीत काय आलंय?”

रुपाली खोटं बोलणार होती. पण तिला ते जमत नाही, माझ्यासारखं नाही तिचं. “‘अजून नाही’ असं आलंय,” ती म्हणाली.

लंकाबाईंनी टोपलीवरचं झाकण उचलून आतली भाकरी बघितली, बोटाने दाबली. “वाळली,” त्या म्हणाल्या. “उद्या जरा उशिरा करते.”

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बिभीषण नेवाशाहून आला. फोनवर रुपालीने फक्त ‘कोडमध्ये काहीतरी विचित्र आहे’ एवढंच सांगितलं होतं, पण तो गोरक्षचा जिवलग, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे लंकाबाईंच्या हातचं जेवण.

“मावशी, तुमी बारीक झाल्या,” उंबऱ्यातूनच तो ओरडला.

“तू माझ्या वाटंचं खाऊन ऱ्हायला, मंग काय हुईल?”

तो कोठीसमोर बसला. ती ओळ वाचली, पोट हलवत हसला. “ताई, ही कुणीतरी चेष्टा केलीया. मीच केली असती, पर मला सुचलं न्हाई.”

“मग कशी केली ते शोधून द्या.”

शोधायला दुपार गेली. ओसरीचं कोड, पडवीचं, धाब्याचं, मधल्या छोट्या फाट्यांचं, सगळं चाळलं. ‘जेवलो. तुम्ही?’ ठिकठिकाणी सापडलं. ‘अजून नाही’ हे शब्द एकाही फाट्यात, एकाही ओळीत नव्हते. बिभीषणने पाथर्डीला सुकन्याबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, “मशीन बंद असेल तर उत्तर येत नाही आणि चालू असेल तर ते जेवलेलंच असतं. अर्धपोटी मशीन आम्ही कुठं केलंय?”

“तुमची पडवी कुठे आहे सध्या?” रुपालीने बिभीषणला विचारलं.

“माझी? भंगारात दिली की. एव्हाना तिच्या पत्र्याचं डबडं झालं असंल. त्यात कुनीतरी गोडंतेल ठिवत असंल.” मग तो उठला, मशीनच्या मागे वाकला आणि इंटरनेटची वायर उपटून हातात घेतली. “घ्या. आता आकाशातनं येतंय का बघू. चेष्टा करनाऱ्याला म्हनावं, ये आता.”

साडेसात वाजले. मशीनने विचारलं. जेवणं झाली. लंकाबाई भांडी घासत होत्या. ताटल्यांचा आवाज, नळाचा आवाज. शेवटची ताटली पालथी पडायच्या आत ओळ उमटली.

फिरती : अजून नाही.

वायर बिभीषणच्या मांडीवर होती.

त्याने ती उचलून टोक बघितलं. मग म्हणाला, “काल कवा आलं हुतं?”

“भांडी घासून झाल्यावर. बऱ्याच वेळाने.”

“आन् आज घासताना.” त्याने वायर खाली ठेवली, अगदी हळू. “ताई, उत्तर याया लागनारा येळ म्हंजी अंतर असतंय. आपल्या ह्या धंद्यात तरी. येळ कमी झाला म्हंजी समोरचं मशीन...” 

त्याने वाक्य पुरं केलं नाही, आणि रुपालीनेही करू दिलं नाही.

६

तिसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं तेव्हा मायलेकी जेवून हात धूत होत्या. चौथ्या संध्याकाळी, ताटात शेवटचा घास असताना. पाचव्या संध्याकाळी भाकरी तव्यावर टम्म फुगली होती आणि लंकाबाईंनी ती अजून चिमट्याने उचलली नव्हती.

रुपाली दिवसा शहाणी असे. दिवसा ती स्वतःला सांगे, जुनं मशीन आहे, पोटात साठलेलं कधीतरी ओकतं. शब्द कुठून आले ते कळलं नाही एवढंच. दिवसा ती कोठीवरच्या मशीनचा टोप काढून आतली धूळ झटके, वायरी बघे, चाळिशीतल्या बाईने घाबरावं असं काही त्यात नसे. पण ऊन माडीच्या भिंतीवरून उतरलं की तिचा कान पंख्याकडे लागे. एरवी तो एका सुरात घरघरे. साडेसातच्या सुमाराला त्याचा सूर बदलायचा. चढ चढताना माणसाचा श्वास बदलतो तसा.

सहाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आई, आज मी हे बंद करणार.”

लंकाबाई हुलग्याचं पीठ मळत होत्या. शेंगोळे करायचे होते. “आज नगं.”

“आजच. तुला कळतंय का काय चाललंय? ते रोज जवळ येतंय.”

“कळतंय की. भाकरी तव्यावर असताना आला काल. घाटाच्या अलीकडं आला म्हनायचं.”

“आला कोण? आपल्याला माहितीये का कोण? गोरखच कशावरून?”

लंकाबाईंनी शेंगोळं वळलं, ताटाच्या कडेला ठेवलं. बोटं तेलाने चकाकत होती. “कोन का असंना,” त्या म्हणाल्या. “जेवला का म्हनून आपनच इचारलं. त्यो म्हनला न्हाई. आता दारापत्तूर आलेल्याला माघारी धाडू?”

“आई, मला भीती वाटते.”

“मंग बिभीषनला बोलीव,” लंकाबाई म्हणाल्या. “त्यो आसला की कुनाला भीती वाटायची सवड मिळत न्हाई.” आणि थोड्या वेळाने, पुढचं शेंगोळं वळता वळता, “आजच्याला जेवू घालू. मंग तू म्हनशील तिथं येते. बंद कर तुझं मशीन. मी काय मधी येनार न्हाई.”

रुपालीने आईकडे बघितलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच ती ‘येते’ म्हणाली होती.

७

बिभीषण आला, पण आत बसला नाही. बाहेर ओसरीवर, भिंतीला टेकून बसला. “मी हितं राखन बसतो,” म्हणाला. एवढा मोठा माणूस, आणि पायरीकडे पाठ करून बसला.

स्वयंपाकघरात लख्ख दिवा होता. सगळं स्पष्ट दिसत होतं: फळीवरचे डबे, कोठीवर मशीन, खाली तीन ताटं. लंकाबाईंनी तीन पाट मांडले होते. शेंगोळ्यांना लसणाची फोडणी बसली होती. साडेसातला अजून अवकाश होता. रुपाली पडद्यापुढे बसून होती. बंद करायचं बटण तिच्या हाताशी होतं.

मशीनने अजून विचारलेलं नव्हतं. तरी ओळ उमटली.

फिरती : अजून नाही.

प्रश्नाच्या आधी उत्तर.

आणि बाहेर पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला. एक काढली, मग दुसरी. नीट शेजारी शेजारी ठेवल्या. रुपालीला तो आवाज ऐकताना काहीतरी खटकलं. काय ते त्या क्षणी कळलं नाही. गोरक्ष चपला भिरकावायचा. एक अंगणात आणि एक तुळशीपाशी सापडायची. या चपला परक्या घरी काढतात तशा, जपून काढल्या गेल्या होत्या.

बिभीषणचा आवाज आला नाही. नंतर त्याने सांगितलं की त्याच्या बाजूने कोणीतरी गेलं, धुळीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास आला, आणि त्याने मान वळवली नाही. “म्या डोळं मिटून पाढं म्हनलं. बाराच्या पुढं मला येत न्हाईत, तरी म्हनलं.”

लंकाबाईंनी टोपलीवरचं झाकण काढलं. मधल्या ताटात भाकरी वाढली. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. “बस,” त्या म्हणाल्या. दिवसभर आल्यागेल्याला म्हणतात तशाच आवाजात.

रुपाली स्टुलावरून वळली. पण तिची नजर आईच्या हातावरच खिळली. त्याच्या पलीकडे तिने नेली नाही, असं ती म्हणते.

लंकाबाईंनी शेंगोळे वाढले. थोड्या वेळाने पळी भरून पुन्हा वाढायला हात पुढे केला, आणि पळी अधांतरी थांबली. आपण सगळ्यांनी हे हजारदा पाहिलंय. जेवणारा ‘नको नको’ म्हणत ताटावर आडवा हात धरतो, वाढणारी पळी तशीच थांबते, मग डावीकडून वळसा घालून हात चुकवते. लंकाबाईंनी तसंच केलं. पळी डावीकडे गेली, तिथेही अडली. त्या हसल्या. पळी वर उचलून म्हणाल्या, “लाजू नगं रं. घर तुझंच हाय.”

तेव्हा रुपालीला कळलं, मघाशी काय खटकलं ते. गोरक्षने या घरात कधी ‘नको’ म्हटलं नव्हतं. तो पातेलं ओढून घ्यायचा. आणि भाकरी समोर आली की पहिल्यांदा तिचा वरचा पापुद्रा सोलून खायचा, लहानपणापासून. बाकीची भाकरी नंतर. तिची नजर खाली ताटाकडे गेली, एवढीच. ताटात भाकरी संपत आली होती. पापुद्रा कडेला काढून ठेवलेला होता, न खाल्लेला.

 तिने तोंड उघडलं. लंकाबाईंनी तिच्याकडे न बघता डावा हात किंचित हलवला: गप्प. पंगतीत पोरींना गप्प करतात तसा.

मागे पंखा मंद झाला. चढ संपल्यासारखा. पडद्यावर नवीन ओळ होती.

फिरती : जेवलो. तुम्ही?

आणि बाहेर चपला घातल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरी.

८

लंकाबाईंनी उरलेल्या दोन ताटांत भाकरी वाढली. मग म्हणाल्या, “इचारलंय ना त्यानं? मंग जेव.” दोघी जेवल्या. बिभीषणला आत बोलावलं, तोही जेवला. शेंगोळे उरले नाहीत.

ताटं उचलताना रुपालीला राहवलं नाही. “आई, तो गोरख नव्हता.”

“ठावं हाय मला.” लंकाबाईंनी तो पापुद्रा उचलला, दोन बोटांत धरून बघितला. “गोरख पापुद्रा ठिवत व्हय?”

“मग?”

“मंग काय. कुनाचा तरी असंल. त्योबी असाच उपाशी निघाला असंल घरातनं.” त्या मोरीकडे वळल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “ह्यो हितं जेवला. तसा आपलाबी कुनाच्या तरी दारात जेवला असंल. आता न्हाई मला घोर.”

त्या संध्याकाळी लंकाबाईंनी भाकरी झाकून ठेवली नाही. रुपालीने मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला, आणि घर एवढं शांत झालं की अंगणातली म्हैस रवंथ करते ते ऐकू आलं. सकाळी बिभीषणच्या टेम्पोत पाट, डबे आणि लंकाबाई बसल्या. रुपालीने ‘बंद’च्या रकान्यात तारीख लिहिली आणि इतिहास पुण्याला पाठवून दिला.

९

आता कबुली.

चपला खऱ्या. पळी खरी. पापुद्रा खरा, तो मी रचला असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्ही लंकाबाईंना ओळखत नाही. डोळे मिटून पाढे म्हटल्याचं बिभीषण नाकारतो, म्हणून तेही खरं धरा.

मी पदरचं घातलं ते एवढंच: मशीन बंद केलं आणि रकान्यात तारीख लिहिली, हे.

नाही केलं. बटणावर बोट ठेवून रुपाली उभी राहिली, तेवढ्यात राजूरच्या पुढचं कोरं भरलं. ‘अजून नाही.’ मग सोनईचं. ही मशीनं कधीच मोडीत गेलेली. उत्तरं खूप उशिरा आली होती, खूप लांबून. जेवायला मिळतंय हे बहुधा एकाने दुसऱ्याला सांगितलं असावं. सगळ्यात शेवटी पडवी नेवासा. ते वाचून बिभीषण पांढरा पडला. “आवो, मी तर दोन्ही वक्ताला जेवतो,” म्हणाला. “मंग माझ्या पडवीतनं हे कोन बोलतंय?”

मशीन टेम्पोतून संगमनेरला आलं. लंकाबाईंच्या मांडीवर होतं. आता ते रुपालीच्या फ्लॅटमध्ये, ओट्याच्या कडेला आहे, आणि संस्थेचे फोन येतात की एक रकाना रिकामा राहिलाय, इतिहास छापायचा कसा. रुपाली सांगते, थोडं थांबा. तिने इतिहासातला ‘त्रुटी’ हा मथळा खोडलाय; त्याजागी काय लिहावं ते तिला अजून सुचलेलं नाही.

मी गेल्या आठवड्यात गेलो होतो. या वेळी मात्र खरंच गेलो होतो. ऊन उतरलं होतं. लंकाबाई परातीत पीठ मळत होत्या, तिघांच्या मानाने बरंच जास्त. मी विचारलं, “मावशी, पाहुणे यायचेत?”

“त्यो पडवीतला, नेवाशाचा,” त्या म्हणाल्या. “सावकाश येतोय बिचारा. काल भांडी घासून झाली तवा आला हुता.”

आणि मला म्हणाल्या, “तू जेवलास का?”

मी जेवून आलो होतो. पण त्या घरात तसं म्हणायला जीभ रेटली नाही.